नडगी दुखतेय? आधी बोटाने दाबून बघ

अरे, मॅरेथॉनची तयारी असली तरी नडगी दुखत असताना रविवारी ३० किलोमीटर धावायचा हट्ट सोड. आधी दाबून बघ. दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असेल, तर धावणं कमी करून बहुतेकदा निभावतं. पण बोटाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, तर धावणं बंद आणि सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मी गोळ्या खाऊन पळत राहिलो आणि एका जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला उभाच राहू शकलो नाही. त्या मार्गावरचा पेडर रोडचा चढ राहून गेला, अजून सलतं. गोळीने कळ दबते, इजा तशीच राहते.

थकव्याचंही बघ: सकाळी अंथरुणातच नाडी मोजत जा. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले आणि झोपही तुटक झाली असेल, तर त्या दिवशी नुसतं चाल. बुडालेले किलोमीटर मॅरेथॉनआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत भरून काढू नकोस.