ब्रिटिश 'फास्ट शो'मधली तऱ्हेवाईक पात्रं लोकांना एवढी का आवडतात? पहिला भाग बघून मला हसूच आलं नाही.

पहिल्या भागात हसू आलं नाही यात नवल नाही. पॉल व्हाइटहाउस आणि चार्ली हिगसन यांनी १९९४ मध्ये बीबीसी टूवर आणलेली ही विनोदी मालिका मुरायला वेळ घेते. प्रसंग मिनिट-दोन मिनिटांचे, काही तर सेकंदांतच संपणारे. पात्र येतं, आपलं पालुपद म्हणतं आणि जातं. पुढच्या भागात पुन्हा तेच. एकच भाग पाहिला तर अनोळखी घरात पाहुणे म्हणून गेल्यावर त्यांच्या घरगुती थट्टा कानावर पडाव्यात तसं वाटतं.

माझा जीव जडला तो टेड आणि राल्फवर. राल्फ (हिगसन) हा मोठ्या जमीनजुमल्याचा खानदानी मालक, टेड (व्हाइटहाउस) त्याच्या शेतावर राबणारा आयरिश गडी. राल्फचं टेडवर प्रेम आहे, पण ते बोलायची त्याची छाती होत नाही. मग तो खालच्या शेतातलं पाणी नीट निचरतंय का, असलं काहीतरी विचारतो. अडखळत अडखळत गाडी कुठल्यातरी आमंत्रणावर आणतो. टेड अवघडून म्हणतो, "मला त्यातलं काही कळत नाही, साहेब." संपला प्रसंग. सुरुवातीला आपण राल्फच्या फजितीला हसतो. चार-पाच वेळा तेच पाहिल्यावर मात्र आज तरी त्याने बोलावं असं वाटू लागतं. आणि टेडला सगळं समजतंय, राल्फची लाज राखण्यासाठीच तो वेड पांघरतोय, असाही संशय येतो. पात्रं होती तिथेच राहतात, आपण मात्र त्यांच्या बाजूचे होऊन बसतो. मला वाटतं, आवडण्याचं कारण हेच आहे. एरवी विनोदी कार्यक्रमात माणसाचं वेड दाखवून झालं की त्याला सोडून देतात. इथे त्या वेडामागे त्याला काय हवं आहे हे हळूहळू दिसत जातं.

रोली बर्किन हा म्हातारा वकीलही (हाही व्हाइटहाउसच) तसाच. शेकोटीजवळच्या खुर्चीत बसून काहीतरी पुटपुटत असतो, त्यातले मोजके शब्दच कळतात. शेवटचं वाक्य तेवढं स्वच्छ: "मी फार फार प्यायलो होतो." पण एकदा तो हरवलेल्या प्रेमाबद्दल बोलतो. शब्द तेव्हाही कळत नाहीत, फक्त चेहरा दिसतो, आणि शेवटी तेच वाक्य येतं. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्हाइटहाउस केवढा मोठा नट आहे हे त्या एका प्रसंगात समजतं.

सगळीच पात्रं इतकी खोल नाहीत, आणि असायचं कारणही नाही. खोपटातून बाहेर येऊन या आठवड्यात आपण मुख्यतः काय खाल्लं एवढंच सांगणारा जेसी मला तेवढ्यावरच आवडतो. (हा मार्क विल्यम्स, म्हणजे 'हॅरी पॉटर' चित्रपटांतले रॉनचे वडील.) 'चॅनेल नाइन' या काल्पनिक परदेशी वाहिनीच्या बातम्या तर कुठल्याच खऱ्या भाषेत नाहीत, त्यामुळे तिथे इंग्रजी येणारा आणि न येणारा सारखाच.

तुम्ही सुटे तुकडे बघत असाल तर ते थांबवा आणि पहिल्या पर्वापासून क्रमाने चार-पाच भाग पाहा. टेड-राल्फवर १९९८ मध्ये वेगळा मोठा कार्यक्रमही झाला. तो मात्र सगळ्यात शेवटी, दोघांशी ओळख झाल्यावरच बघा.