वाचक विचारतात: पट्टी नसलेली सिगार पारखायची कशी?

या वेळी सिगारवरची पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा माल बिननावाचाच आहे, म्हणजे सिगारवर कंपनीच्या नावाची कागदी पट्टीच नाही, कुणाच्या भावाने आणलेला कुणाला गिफ्ट आलेला, त्यामुळे सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): दादा, माझा मावसभाऊ शिपवर असतो. मागच्या सुट्टीत त्याने पंचवीस सिगारचं बंडल आणलं, पिवळ्या रिबिनीने बांधलेलं, ना खोकं ना पट्टी ना कंपनीचं नाव. तो म्हणतो क्यूबात हवानाच्या दुकानात एक म्हातारा कारागीर बसतो त्याने समोर वळून दिल्यात. माझा मित्र म्हणतो या क्यूबाच्या नाहीतच, डोमिनिकन असणार, कारण राख पांढरी पडते. ओढून कळेल का? आणि चांगल्या आहेत की नाही हे कसं ठरवू?

उत्तर: आधी ती राख बाजूला ठेवू. राखेचा रंग पानात कॅल्शियम मॅग्नेशियम किती गेलंय त्यावर, म्हणजे जमिनीवर आणि खतावर असतो, पांढरी राख क्यूबाच्या पानाचीही पडते आणि निकाराग्वाच्या पानाचीही, त्यावरून देश ठरवणं सोडून द्या.

आणि ओढून देश कळेल का, तर छातीठोकपणे सांगणारे तुम्हाला खूप भेटतील पण माझं मत स्पष्ट आहे, भरवसा ठेवावा असं नाही कळत. १९६० साली क्यूबात सिगारचे कारखाने सरकारजमा झाले तेव्हा मालक बाहेर पडले, मळेवाले पडले, वळणारे पडले, कुणी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये गेलं कुणी होंडुरास निकाराग्वात कुणी कॅनरी बेटांवर, आणि त्यांच्याबरोबर बियाणं पण गेलं आणि हातातली विद्या पण गेली. आज निकाराग्वात एस्तेलीच्या आसपास जो तंबाखू पिकतो त्यातल्या कितीतरी वाणांचं मूळ क्यूबाच्या बियाण्यातच आहे. तोंडाकडचं टोक बंद करणाऱ्या पानाच्या टोपीला तीन वेढे दिसले की क्यूबन, असंही सांगतात, पण तशीच टोपी एस्तेलीतही लावतात, कारण शिकवणारे तिकडूनच आलेले.

कागदपत्रांचंही तसंच. क्यूबातून येणाऱ्या अधिकृत खोक्यावर सरकारी वॉरंटीचं हिरवट सील असतं, ती पद्धत १९१२ पासूनची, हल्ली होलोग्राम पण असतो. पण टेबलावर समोर वळून घेतलेल्या सुट्या सिगारला यातलं काहीच मिळत नाही, म्हणजे सील नाही म्हणून खोटी असंही म्हणता येत नाही आणि खरी असंही नाही. मावसभावाला एवढं विचारा की दुकानाची पावती आहे का आणि कारागीर खरंच दुकानात बसून वळत होता की फुटपाथवर कुणीतरी "कारखान्यातून आणल्यात" म्हणून हातात दिल्या, कारण हवानात रस्त्यावर असा माल विकणारे भरपूर आहेत आणि त्यात बऱ्याचदा झाडलोटीचा चुरा भरलेला असतो. (जाता जाता सांगतो, कुणी काचेच्या झाकणाचं कोहिबा या क्यूबन ब्रँडचं खोकं दाखवलं तर घेऊ नका, कोहिबा अधिकृतपणे तशा खोक्यात येतच नाही.)

मग पारखायचं काय? वळणाऱ्याचा हात आणि पानाचं वय (वयाचं पुढच्या उत्तरात येईल). या दोन गोष्टी पाचपाखाडीत बसून नक्की कळतात आणि माझ्या लेखी देशापेक्षा त्यांनाच जास्त किंमत आहे.

सिगार पेटवायच्या टोकापासून तोंडापर्यंत अंगठा आणि तर्जनीत हलके दाबत या. सगळीकडे सारखी दबली पाहिजे, सोडली की परत वर आली पाहिजे. मध्येच गाठ लागली तर तिथे भरण जास्त झालंय, धूर अडणार. मध्येच पोकळ लागली तर तिथे भसाभस जळून तोंड भाजणार. मग पेटवायचं टोक उजेडात डोळ्याजवळ धरा. चांगला हात असेल तर आतलं प्रत्येक पान वेगळं गुंडाळून त्याची बारीक नळी केलेली दिसते, हवेला वाट राहते, तिकडे याला एन्तुबादो म्हणतात आणि काम फार वेळखाऊ आहे. घाईत वळलेली असेल तर पानं पुस्तक मिटावं तशी एकावर एक दुमडून टाकलेली असतात, मग घड्या सगळ्या एकाच बाजूला येतात आणि सिगार एका अंगाने जळत सुटते. त्याच टोकात सगळ्यात गडद जाडसर पान कुठे आहे ते पण बघा. ते लिगेरो, झाडाच्या शेंड्याकडचं, सगळ्यात कडक आणि सगळ्यात हळू जळणारं, ते बरोबर मधोमध हवं, कडेला सरकलं असेल तर तुम्ही कितीही वेळा परत पेटवा ती सरळ जळणार नाही. हे सगळं काडी लावायच्या आधी दिसतं बरं का, पण बघतच नाही कुणी.

आणि आता जिवावर येईल असं सांगतो, पंचवीसमधली एक कापा. खाली वर्तमानपत्र घ्या, ब्लेडने उभी चीर द्या, वरचं पान सोला, त्याखालचं बांधणारं पान उलगडा आणि आतलं भरण हाताने वेगळं करून मांडा. पानं टोकापासून टोकापर्यंत सलग निघाली, मधली जाड शीर काढलेली असली, रंगात आणि जाडीत फरक असलेली दोन तीन तऱ्हेची पानं मिळाली तर समजा वळणाऱ्याने मिश्रण डोकं लावून केलंय. आणि चुरा निघाला, शिरांचे तुकडे निघाले, सगळं एकाच रंगाचं कोरडं पान निघालं, तर मग ती हवानाची असली तरी काय करायचंय? एक गेली खरी पण उरलेल्या चोवीस कशा आहेत ते तुम्हाला कुणालाही न विचारता कळलं.

प्रश्न (खारघर): मला गिफ्ट आलेल्या हाताने वळलेल्या सिगारना पहिल्या दिवसापासून अमोनियासारखा वास येतोय, ओढली की घशात टोचतं. पाऊस सुरू झाल्यापासून फुगल्यासारख्या वाटतात, दोनवर पांढरं काहीतरी आलंय आणि एकीला टाचणीएवढं भोक आहे. टाकून देऊ का?

उत्तर: सगळ्या नका टाकू, वासाचं कारण साधं आहे. पान वळताना मोडू नये म्हणून ओलसर केलेलं असतं, कारखान्यात वळून झाल्यावर सिगार थंड खोलीत कपाटांमध्ये ठेवून ते जास्तीचं पाणी जाऊ देतात, पण टेबलावरून थेट हातात आलेल्या सिगारला ही सवड मिळालेली नसते, शिवाय तंबाखू आंबताना तयार झालेला अमोनिया पण आत उरलेला असतो. म्हणजे ती खराब नाही, कच्ची आहे. अशी सिगार ओढून कुणी मत दिलं तर ते मत अर्धं पाण्याबद्दलचं असतं. सहा महिने ठेवा, वर्षभर ठेवली तर आणखी चांगलं, आणि मधे एखादी ओढून बघा, टोचणं कमी झालेलं तुमचं तुम्हाला कळेल.

ठेवायचं कसं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. थंड कोरड्या देशातले लोक डब्यात ओलावा कसा वाढवायचा ते सांगतात, आपल्याकडे जुलैत हवाच नव्वद टक्क्यांच्या आसपास ओली असते, त्यामुळे लाकडी शोभेचा डबा वगैरे काही नको, रबराची कड असलेला एअरटाइट डबा घ्या आणि ६५ टक्क्यांची ती पाकिटं टाका जी ओलावा सोडतात पण आणि शोषतात पण. सोबत ओलावा मोजणारा छोटा मीटर हवा, पण मीटर आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, लगदा होईल इतकंच पाणी घालायचं, मीटरसोबत झिपलॉकमध्ये बंद करून रात्रभर ठेवायचं, आत बरोबर ७५ टक्के ओलावा तयार होतो. मीटरने ७० दाखवलं तर तो पाचने कमी दाखवतो हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

पांढऱ्याबद्दल, काही लोक त्याला कौतुकाने पानातल्या तेलाचा बहर म्हणतात, मला ते पटत नाही. भिंग लावून बघा, तंतू तंतू दिसले किंवा निळसर हिरवट झाक असेल तर ती बुरशी आहे आणि पेटवायच्या टोकातून आत गेली असेल तर ती सिगार टाकायचीच, बाकीच्यांपासून आजच लांब करा.

भोक मात्र सगळ्यात गंभीर. तो तंबाखूचा भुंगा, दोन तीन मिलिमीटरचा तांबूस किडा, अंडी पानातच असतात आणि आपल्याकडची गरमी त्याला मानवते. हाच किडा हळदीत लाल तिखटात धन्यात पण होतो, म्हणून सिगारचा डबा मसाल्याच्या फळीवर चुकूनही ठेवू नका. भोक पडलेली काढून टाका, बाकीच्या दोन झिपलॉकमध्ये घट्ट बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये (उणे १८ तरी हवं), मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मगच बाहेर. थेट फ्रीझरमधून गरम खोलीत काढलीत तर वरचं पान तडकतं.

प्रश्न (ऐरोली): आम्ही सहाजण मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. आता अशाच वेगवेगळ्या वळलेल्या सिगार गोळा झाल्यात आणि मार्क द्यायचेत. पण आमचे मार्क कधीच जुळत नाहीत, आणि वर्णनात लोक लेदर, सीडर, कोको असं लिहितात तसं आम्हाला काही लागतच नाही. काय चुकतंय?

उत्तर: मॅडम, मार्क जुळले नाहीत तरी चालतील, आधी एकाच माणसाचे स्वतःशी जुळतात का ते बघा. जो ओढत नाही अशा एकाला कामाला लावा, त्याने सगळ्या सिगारवर नंबर चिकटवायचे, कुठली कुणी आणली ते फक्त त्याच्या कागदावर, आणि एकच सिगार दोन वेगळ्या महिन्यांत दोन वेगळ्या नंबरने पुढे ठेवायची. ज्याने तिला एकदा ९१ आणि एकदा ७८ दिले त्याच्या बाकीच्या मार्कांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ही एक गोष्ट केलीत ना तर "ही तर हवानाची आहे" वाले मार्क आपोआप गळतात, कारण नाव ऐकलं की जीभ वाहवत जाते, सगळ्यांचीच जाते.

मार्कांमध्ये मी निम्मे तरी कारागिरीला देतो, म्हणजे धूर मोकळा येतो का, कड सरळ जळते का, सारखी विझते का, राख धरून राहते का. कारण त्यावर वाद होत नाही, समोर दिसतं. उरलेले चवीला, आणि चव तीन भागांत लिहायची, पहिला तिसरा हिस्सा, मधला, शेवटचा. नुसतं शेवटी आठवून लिहिलंत तर शेवटचा कडवटपणाच लक्षात राहतो आणि मधे जे गोडसर आलेलं असतं ते हरवतं. चांगल्या मिश्रणाची सिगार तीन हिश्श्यांत बदलत जाते, चुऱ्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच बोलते.

आणि लेदर सीडर लागलं नाही म्हणून नाराज कशाला होताय, तुमच्या जिभेला जे माहितीये तेच ती सांगणार. भाजलेलं सुकं खोबरं, काताचा तुरटपणा, मिरी, जायफळ, पहिल्या पावसातली माती, करपलेला गूळ, असं लिहा ना. अट एकच, सहाही जणांनी तेच शब्द त्याच अर्थाने वापरायचे, म्हणजे पुढच्या महिन्यात वाचून कळेल.

मिनिटाला एक झुरका, त्यापेक्षा घाई केली की सिगार तापते आणि उत्तमातली उत्तम पण कडू होते. धूर छातीत घ्यायचा नाही, थोडासा नाकातून सोडला तर वास जास्त कळतात. एका बैठकीत एकच सिगार, फार तर दोन, आधी हलकी मग कडक. रिकाम्या पोटी बसू नका आणि मामलेदारची मिसळ खाऊन थेट पण बसू नका, तिखटाने जीभ बधिर झाली की मिरी कुठली आणि पान कुठलं काही कळत नाही. साधं जेवण, साधं पाणी. कुणाला गरगरलं घाम फुटला तर ते निकोटीन आहे, सिगार तिथेच ठेवून द्यायची, संपवायचा हट्ट नको.

आणि हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि मनापासून लिहितो. धूर आत घेत नाही म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाही. सिगारच्या धुरातलं निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं, तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनेही होतो, एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. महिन्यातून एकदा म्हणताय ते वाढू देऊ नका, आणि जो आज ओढत नाही त्याला मार्क द्यायला म्हणून सुरू करायला लावू नका, तो नंबर चिकटवायलाच बरा. तोंडात पंधरा दिवसांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर थांबू नका, दाखवून घ्या.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): आमच्या ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्याने त्रिचीचे चिरूट आणून दिलेत, कागदात गुंडाळलेले, नाव नाही. यांना पण याच पद्धतीने मार्क द्यायचे का?

उत्तर: पद्धत हीच, अपेक्षा वेगळी. त्रिचीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत जात होते, त्याची स्वतःची परंपरा आहे, त्याला हवानाच्या सिगारशेजारी ठेवून कमी मार्क देणं मला अन्याय वाटतो. चिरूटला टोपी नसते, दोन्ही टोकं सरळ कापलेली, त्यामुळे टोपी बघायचा प्रश्नच नाही, धूर मोकळा येतो का, जळतो सरळ का, एवढ्यावर भर द्या. चव कडक असणारच, पहिले झुरके सावकाश घ्या. दोन तीन वेगवेगळ्या वळणाऱ्यांचे चिरूट मागवा आणि ते एकमेकांशीच ताडून बघा, सहकाऱ्याला विचारलंत तर गावात कुणाचा हात चांगला ते तो नक्की सांगेल.