विश्व आणि अवकाश-काळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: लेखांत कधी ‘विश्व’ लिहिलेलं असतं, कधी ‘अवकाश-काळ’. दोन्ही एकच का?

नाही. कुठलीही घटना नेमकी सांगायला चार आकडे लागतात, तीन जागेचे आणि एक वेळेचा. अशा सगळ्या संभाव्य घटनांचा संच आणि त्यांच्यातली अंतरं मोजायची रीत, हा अवकाश-काळ. हर्मान मिंकोव्हस्की यांनी १९०८ साली ही मांडणी केली. विश्वात हा अवकाश-काळ तर येतोच, शिवाय त्यातले तारे, दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह), प्रकाश, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) हे सगळंही येतं. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे अवकाश-काळ अनेक असू शकतात. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये एकाच गोल वस्तुमानाभोवतीचा अवकाश-काळ काढला, तर डी सिटर यांनी १९१७ मध्ये द्रव्यच नसलेला. दोन्ही आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांची अचूक उत्तरं आहेत, पण आपलं विश्व त्यांपैकी एकही नाही.

प्रश्न: मग काळ म्हणजे फक्त चौथी लांबी समजायची का?

तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. तिरकं अंतर काढताना लांबी-रुंदीच्या वर्गांची आपण बेरीज करतो, काळाच्या आणि अंतराच्या वर्गांची मात्र वजाबाकी होते. आधी अंतर प्रकाश-सेकंदांत (प्रकाश एका सेकंदात जातो तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाश-सेकंद) आणा, नाहीतर एककं जुळणार नाहीत. सूर्य सुमारे ४९९ प्रकाश-सेकंद दूर आहे. समजा, सूर्यावर भडका उडाला आणि ६०० सेकंदांनी पुण्यात दिवा लागला. ६०० चा वर्ग उणे ४९९ चा वर्ग म्हणजे १,१०,९९९. त्याचं वर्गमूळ सुमारे ३३३. एकसारख्या वेगाने जाणारं एखादं यान दोन्ही घटनांना हजर राहिलं, तर त्यातल्या घड्याळात ६०० नव्हे, ३३३ सेकंद होतील. दिवा ३०० सेकंदांनीच लागला असता, तर उत्तर ऋण आलं असतं. मग भडक्याचा दिव्यावर कसलाच परिणाम शक्य नाही, आणि आधी काय घडलं हेही पाहणाऱ्याच्या वेगावर ठरतं. या हिशोबात सूर्य कशाचा बनला आहे, हे कुठेच आलं नाही. तो प्रश्न विश्वाचा.

प्रश्न: विश्व प्रसरण पावतं, म्हणजे अवकाश-काळ प्रसरण पावतो?

असं म्हणू नये. वाढणं म्हणजे काळाबरोबर बदलणं, आणि काळ तर अवकाश-काळाच्या आतच धरलेला आहे. वाढतं ते दूरच्या दीर्घिकांमधलं अंतर. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं असूनही दृश्य विश्वाची कड आज ४६०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे, कारण प्रकाश वाटेत असतानाही अंतर वाढतच होतं. सूर्यमाला किंवा आकाशगंगा ताणली जात नाही, ती गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे.

प्रश्न: शाळेत मी मुलांना ताणलेल्या रबरी चादरीवर गोळा ठेवून अवकाश-काळ दाखवते. बरोबर आहे ना?

अर्धंच. चादर फक्त अवकाशाची वक्रता दाखवते, काळ गळतो. झाडावरून आंबा पडतो तो मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे: खालचं घड्याळ वरच्यापेक्षा किंचित हळू चालतं. उंचीत जेमतेम ३३ सेंटिमीटरचा फरक असलेल्या दोन अणुघड्याळांत हा परिणाम २०१० मध्ये मोजला गेला. जीपीएस उपग्रहांची घड्याळं, त्यांच्या वेगाचा परिणाम वजा करूनही, जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. चादर दाखवाच, पण हा आकडाही फळ्यावर लिहा.