नोकरी सांभाळून हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचं मास्टर्स: फीचा हिशोब

प्रश्न : ताई, मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळ राहते. मूळची कोल्हापूरची. बीएचएमएस केलं, लग्नानंतर एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) इकडे आले. ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळाल्यावर मेडिकल कोडिंगची (पेशंटच्या निदान-उपचारांना ठरलेले कोड देण्याची) परीक्षा दिली आणि गेली तीन वर्षं एका हॉस्पिटल ग्रुपमध्ये कोडर आहे. आता हेल्थ इन्फॉर्मॅटिक्समध्ये (आरोग्याची माहिती संगणकावर हाताळण्याच्या शास्त्रात) ऑनलाइन मास्टर्स करायचं मनात आहे. कोर्स ३० क्रेडिटचा, क्रेडिटला ७०० डॉलर. आमचं हॉस्पिटल वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत ट्यूशन असिस्टन्स (फीसाठी मदत) देतं असं हँडबुकात लिहिलंय, पण आमच्या टीममध्ये कुणी ते घेतल्याचं ऐकलं नाही. नवरा म्हणतो, कर्ज काढ आणि वर्षभरात उरकून टाक. मला तर मागायचाच संकोच वाटतो. व्हिसावरच्या माणसाला देतील का?

उत्तर : देतील, आणि तू मागच. हे पैसे कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. पगार, हेल्थ इन्शुरन्स, सुट्ट्या यांच्यासारखाच तो तुझ्या नोकरीचा भाग आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्यातलं कलम १२७ म्हणतं की मालकाने लेखी योजना करून कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत खर्च केला, तर त्या रकमेवर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. ही योजना फक्त मोठ्या पगारवाल्यांना झुकतं माप देणारी असू नये, अशीही अट आहे. नागरिकत्वाची अट त्यात कुठेही नाही. तुझ्या हॉस्पिटलची स्वतःची अट असू शकते, म्हणजे सहा महिने नोकरी, पूर्णवेळ काम वगैरे. तीन वर्षांत तू ती कधीचीच पूर्ण केली असशील. एच-४ वर शिकताही येतं. त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेऊ नकोस, नाहीतर ईएडीवरची ही नोकरीच जाईल.

मीही तुझ्यासारखीच, मिरजेहून एच-४ वर आलेली. २०१५ च्या मे अखेरीस एच-४ वाल्यांना ईएडी मिळायला लागलं आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला इथली हॉस्पिटलं आजारांच्या कोडची जुनी यादी आयसीडी-९ सोडून नव्या आयसीडी-१० वर गेली. निदानाचे सुमारे १४ हजार कोड होते, ते ६८ हजारांच्या घरात पोचले. कोडर हवे होते, म्हणून गॅप असूनही मला घेतलं. पुढे दोन वर्षांनी मास्टर्सला नाव घातलं. फीचे बहुतेक पैसे हॉस्पिटलने दिले, आणि जे गेले ते माझ्या दोन चुकांमुळे गेले. त्या तू करू नयेस म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक प्री-अप्रूव्हलची, म्हणजे आधी मंजुरी घेण्याची. मला वाटलं, आधी कोर्स तर सुरू करू, कागदपत्रं मागाहून. क्लास सोमवारी सुरू झाला आणि मी अर्ज भरला गुरुवारी. बेनिफिट्सच्या पोर्टलवर ‘कोर्स सुरू होण्याची तारीख’ आणि ‘अर्जाची तारीख’ असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. दुसरी तारीख भरल्याबरोबर खाली लाल अक्षरात ओळ आली की कोर्स सुरू होण्यापूर्वीचेच अर्ज विचारात घेतले जातील. शिफ्ट संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ती ओळ फोनवर पुन्हा पुन्हा वाचली. मॅनेजरने माझ्यासाठी शब्द टाकला, पण उपयोग झाला नाही. अख्ख्या एका कोर्सची फी घरातून गेली. तुझ्या हँडबुकात ही मुदत ३० दिवस आधीची असेल किंवा १४ दिवस आधीची, ती शोध आणि आजच कॅलेंडरवर टाक. बहुतेक ठिकाणी हा अर्ज प्रत्येक कोर्सला नव्याने करावा लागतो. एकदा मंजूर झालं म्हणजे पुढचंही झालं, असं धरून चालू नकोस.

दुसरी चूक वर्षाची. ५,२५० ची मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, शैक्षणिक वर्षाची नाही. शिवाय वर्ष मोजतात ते कंपनीने पैसे ज्या दिवशी दिले त्यावरून, कोर्स कधी केलास त्यावरून नाही. माझ्या फॉलच्या (ऑगस्ट ते डिसेंबर सत्राच्या) दोन कोर्सचे ग्रेड डिसेंबरच्या मध्यात लागले, पावत्या मी लगेच चढवल्या आणि पैसे आले जानेवारीच्या दुसऱ्या पगारात. म्हणजे आदलं वर्ष कोरडं गेलं आणि नव्या वर्षाची मर्यादा जानेवारीतच बरीचशी संपली. उन्हाळ्यात घेतलेल्या कोर्सची रक्कम मर्यादेबाहेर गेली. आमची योजना जास्तीचे पैसे द्यायची खरी, पण ते डब्ल्यू-२ वर (मालक देतो त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर) पगारात धरले गेले आणि त्यावर कर भरावा लागला.

आता तुझा हिशोब मांडू. तुझे १० कोर्स, एकेकाला २,१०० डॉलर, एकूण २१,०००. नवरा म्हणतो तसं फॉलपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं उरकलंस, तर दोन कॅलेंडर वर्षं हाती लागतात. हॉस्पिटलचे १०,५००, घरचे १०,५००. त्याऐवजी फॉल २०२६ मध्ये दोन, २०२७ मध्ये तीन, २०२८ मध्ये तीन आणि २०२९ च्या स्प्रिंगमध्ये (जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात) दोन असे घेतलेस, तर चार कॅलेंडर वर्षं मिळतात. त्यात हॉस्पिटल ४,२००, ५,२५०, ५,२५० आणि ४,२०० म्हणजे १८,९०० देईल. घरचे जातील २,१००, एका कोर्सपुरते. प्रत्यक्ष शिकण्याचा काळ तीन वर्षांहूनही कमी. २०२६ नंतर ही मर्यादा महागाईप्रमाणे थोडी वाढत जाईल अशी तरतूद २०२५ च्या कायद्यात झाली आहे. फार वर्षांनी झाली, कारण ५,२५० हा आकडा १९८६ पासून जागचा हललेला नव्हता. तुझं हॉस्पिटल आपला आकडा त्याबरोबर वाढवेल का, ते मात्र विचारून घे.

हे गणित जमायला फॉल २०२६ चे पैसे त्याच वर्षी पडायला हवेत. तुझं हॉस्पिटल फी थेट विद्यापीठाला भरत असेल तर चिंता नाही, सप्टेंबरमध्येच जातील. ग्रेड बघून परतावा देत असेल तर विद्यापीठात आठ आठवड्यांच्या टर्म आहेत का बघ. ऑगस्टला सुरू होऊन ऑक्टोबरला संपणारी टर्म घेतलीस की परतावा डिसेंबरच्या आत हातात येतो. आणि ग्रेडची अट वाच. बी किंवा वरचं लागतं अशा योजना बऱ्याच असतात, बी-मायनस आला तर एक पैसा नाही.

घरातून भराव्या लागणाऱ्या पैशांतलेही थोडे परत येतात. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट म्हणून करात सूट मिळते, स्वतः भरलेल्या फीच्या २० टक्के. तुझ्या बाबतीत २०२७ आणि २०२८ मध्ये प्रत्येकी १,०५० घरचे, म्हणजे वर्षाला २१० डॉलर. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या आत असेल तर पूर्ण, पुढे कमी होत १,८०,००० ला शून्य. हॉस्पिटलने दिलेल्या पैशांवर मात्र ही सूट मागायची नाही. रिटर्न भरताना अनेकजण १०९८-टी वरचा (विद्यापीठाकडून येणाऱ्या फीच्या फॉर्मवरचा) सगळा आकडा टाकून मोकळे होतात, तसं करू नकोस.

आता तुझ्या बाबतीतला खरा धोका, ईएडीचा, आणि याबद्दल हँडबुकात एक अक्षर नसेल. बऱ्याच योजनांत लिहिलेलं असतं की पैसे घेतल्यावर वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर ते परत करायचे. तू स्वतःहून सोडणार नाहीस, पण तुझी नोकरी ईएडीवर उभी आहे. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकला की आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती मिळत नाही. नवं कार्ड यायला उशीर झाला आणि मधे तुझं काम थांबलं, तर त्याला ‘नोकरी सोडणं’ म्हणणार का? हे एचआरला ईमेलने विचार आणि उत्तर लेखी घे. त्याच ईमेलमध्ये विचार की बिनपगारी रजेवर गेलीस तर काय, आणि वसुली सगळ्या रकमेची की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. फोनवर कुणीतरी गोड बोलून ‘काळजी करू नका’ म्हणेल, त्यावर विसंबू नकोस. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून टाकता येतो, त्या दिवसाच्या पुढे एक आठवडाही जाऊ देऊ नकोस.

कर्जाचं म्हणशील तर एच-४ वर सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही, ते ग्रीन कार्डवाल्यांपासून पुढे. खाजगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन मागतात. त्यामुळे नवऱ्याला हा हिशोब दाखव. घाईचं एकच कारण मला पटेल: वर्षा-दोन वर्षांत तुम्हाला शार्लट सोडायचंच असेल तर.

कोर्स ठरवण्याआधी एक गोष्ट तपासून घे. पुढे आरएचआयएची (आरोग्य नोंदींच्या व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्यायची असेल तर कोर्सला हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटसाठी सीएएचआयआयएम या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचे काही कोर्स त्यांच्याच मान्यतेचे असतात, पण ती वेगळी मान्यता. आणि बीएचएमएस वाया गेलं असं मनात आणू नकोस. माझ्या वर्गात डेटाबेस येणारे पुष्कळ होते. पेशंटची हिस्टरी कशी घेतात आणि डॉक्टर नोटमध्ये काय लिहायचं विसरतात, हे ठाऊक असलेले फार थोडे होते.

प्रश्न : माझ्या कंपनीत ट्यूशन असिस्टन्स आहे, मला ते वापरायचं नाही. बायको हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्धवेळ आहे, तिच्या मास्टर्ससाठी माझ्या नावावर घेता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. कलम १२७ चा लाभ फक्त कर्मचाऱ्याला आहे, जोडीदाराला किंवा मुलांना नाही. वहिनींच्या हॉस्पिटलमध्ये अर्धवेळवाल्यांना निम्मी रक्कम देण्याची पद्धत आहे का, ते विचारा. त्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात असतील तर तिथली फी-माफी बघा. पण लक्षात असू द्या, पदव्युत्तर कोर्सची कर्मचाऱ्याला मिळणारी माफीसुद्धा साधारणपणे ५,२५० पर्यंतच करमुक्त असते.

प्रश्न : मुलीचं बी.एस्सी. आयटी झालंय. एजंट म्हणतो, अमेरिकेत हेल्थ आयटीच्या मास्टर्सला विद्यापीठ ‘ट्यूशन असिस्टन्स’ देतं, निम्मी फी माफ. आम्ही साताऱ्यात दीड एकर आणि एक किराणा दुकान यावर आहोत. विश्वास ठेवावा का? — एक वडील

उत्तर : दादा, एजंटचा शब्द बाजूला ठेवा आणि विद्यापीठाकडून प्रवेश दिल्याचं पत्र मागवा. सूट किती डॉलरची, पहिल्या सेमिस्टरपुरती की पूर्ण कोर्सची, आणि टिकवायला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या हव्यात. मी वर लिहिलेलं कंपनीचं ट्यूशन असिस्टन्स नोकरी करणाऱ्यांसाठी असतं, नव्याने येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी नाही. असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ होऊन वर पगारही मिळतो, पण ती रिसर्च किंवा शिकवण्याच्या कामाशी बांधलेली असते. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यात हातखर्च निघेल, फी नाही.

कर्ज काढलंत तर ते फिटायचं आहे शिक्षणानंतरच्या नोकरीतून, म्हणून आय-२० फॉर्मवरचा (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवरचा) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, बघा. मेडिकल इन्फॉर्मॅटिक्सचा ५१.२७०६ हा कोड अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहे, त्यावर १२ महिन्यांच्या ओपीटीपुढे (शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीपुढे) आणखी २४ महिने काम करायची मुभा मागता येते. हेल्थ इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशनचा ५१.०७०६ त्या यादीत नाही. कोर्सची नावं सारखीच वाटतात, कोड मात्र वेगळे असतात. जमीन तारण ठेवण्याआधी मुलीला विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला स्वतः ईमेल करून हा कोड विचारायला सांगा. एजंटमार्फत नको.