चेहरा की बोट? फोनच्या कुलपाबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं फोनच्या कुलपाबद्दल आहेत, आणि बरीचशी इंदूरच्याच वाचकांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा साधारण पंधरा हजारांचा अँड्रॉइड फोन आहे. चेहरा समोर धरला की पापणी लवायच्या आत उघडतो, पण बँकेचं ॲप चेहरा मानतच नाही, बोटच मागतं. फोनमध्ये काही बिघाड आहे का? – राजेंद्रनगर

बिघाड काहीही नाही, बँकेचं ॲप अगदी बरोबर वागतंय. चेहरा चांगला की बोट, या वादात पडण्याआधी आपल्या फोनमध्ये नेमका कोणता सेन्सर आहे ते पाहायला हवं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

अँड्रॉइडने चेहरा, बोट वगैरे ओळखण्याच्या पद्धतींचे तीन वर्ग केले आहेत. खोटा चेहरा किंवा नकली ठसा दाखवून फोनला किती वेळा फसवता येतं, यावर वर्ग ठरतो. शंभर प्रयत्नांत सातपर्यंत फसवणूक चालली तर वर्ग 3, सात ते वीस असेल तर वर्ग 2, आणि त्याहून जास्त असेल तर वर्ग 1. बँकेच्या ॲपना आपली किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात ठेवायची असते आणि तो कप्पा फक्त वर्ग 3 ची पद्धतच उघडू शकते. फोनमधले बोटाचे सेन्सर सहसा वर्ग 3 चे असतात. पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्ये चेहरा मात्र सेल्फीच्या साध्या कॅमेऱ्यानेच पाहिला जातो. त्या कॅमेऱ्याला सपाट चित्र दिसतं, नाकाची उंची आणि डोळ्यांची खोली मोजता येत नाही. म्हणून तो खालच्या वर्गात राहतो.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे. 2017 च्या आयफोन टेनपासून बहुतेक मॉडेलांत चेहऱ्यावर 30,000 हून जास्त अदृश्य ठिपके टाकणारा प्रोजेक्टर आणि इन्फ्रारेड कॅमेरा असतो. चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजला जातो, अंधारातही काम होतं आणि फोटोने फसत नाही. साध्या कॅमेऱ्यावर वर्ग 3 गाठणारे फोनही आहेत, गूगलचा पिक्सेल 8 त्यातलाच, पण ते अपवाद.

आपला फोन कितपत भोळा आहे ते घरीच तपासता येतं. स्वतःचा समोरून काढलेला स्पष्ट फोटो दुसऱ्या फोनवर पूर्ण उजेडात उघडा आणि आपल्या कुलूप लागलेल्या फोनसमोर वीतभर अंतरावर धरा. मागे-पुढे, थोडा तिरका करून पाहा. उघडला, तर चेहऱ्याचं कुलूप त्याच दिवशी बंद करा. न उघडल्यास सुटकेचा निःश्वास टाका, पण पैशांच्या कामाला बोटच ठेवा. सेटिंगमध्ये ‘डोळे उघडे असतील तरच’ असा पर्याय असेल तर तो चालू असू द्या.

प्रश्न : आईचं वय 71. तिचं बोट फोन दहापैकी आठ वेळा नाकारतो, माझं मात्र त्याच फोनवर लगेच चालतं. थंडीत तर विचारूच नका. – सुदामानगर

आईंच्या बोटांत काही कमी नाही. वयानुसार कातडी कोरडी पडते, ठशाच्या रेषांची उंची कमी होते आणि बारीक सुरकुत्या रेषांना आडव्या जातात. त्यात भांड्यांचा साबण, कणीक, खोबरं खवणं, कपडे घासणं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांचीच झीज सर्वांत जास्त होते, आणि नेमकी तीच बोटं आपण फोनमध्ये नोंदवतो. पॉवरच्या बटणावरचा सेन्सर कातडीच्या ओलाव्यावर अवलंबून असतो, म्हणून माळव्यातल्या कोरड्या थंडीत त्रास वाढतो. डिस्प्लेखालचा सेन्सर बोटावर प्रकाश पाडून चित्र घेतो. कोरडं बोट काचेला नीट चिकटत नाही, मधे हवा राहते आणि चित्र फिकं येतं.

करायचं असं : जुने सगळे ठसे काढून टाका. आईंना हात कोमट पाण्याने धुवायला सांगा, कोरडे करा, बोटांना थेंबभर खोबरेल किंवा क्रीम चोळा आणि दहा मिनिटांनी कापडाने पुसून घ्या. तेल बोटात मुरलेलं हवं, काचेवर आलं तर उलट काम बिघडतं. डिस्प्ले किंवा बटणही सुक्या मऊ कापडाने पुसा. मग उजव्याऐवजी डाव्या हाताची तर्जनी किंवा अनामिका निवडा, ती कमी झिजलेली असतात. नोंदवताना फोन टेबलावर ठेवू नका. आई रोज जसा हातात धरतात तसाच धरू द्या, कारण बोट सेन्सरवर ज्या कोनातून पडतं तोच कोन नोंदला जायला हवा. आधी बोटाचा मधला भाग, मग टोक, मग दोन्ही कडा. दरवेळी बोट पूर्ण उचलून पुन्हा ठेवायचं, घासत न्यायचं नाही.

आता खरी युक्ती : तेच बोट दुसऱ्यांदा, नवं बोट म्हणून पुन्हा नोंदवा. फोनमध्ये चार-पाच ठशांची जागा असते. एकाच बोटाच्या दोन नोंदी असल्या की फोनला जुळवायला दुप्पट माहिती मिळते आणि नकार खूप कमी होतात. काही फोन दुसऱ्यांदा तेच बोट ओळखून अडवतात. तेव्हा त्याच बोटाची बाजूची कड नोंदवून पाहा. दिवाळीनंतर थंडी पडली की नोंद एकदा ताजी करा. उघडताना बोट टेकवून लगेच उचलू नये, अर्धा सेकंद स्थिर ठेवावं.

एवढं करूनही जमलं नाही तर सहा आकडी पिन ठेवा. काही औषधांनीही ठसे पुसट होतात. कॅन्सरच्या उपचारात दिलं जाणारं कॅपेसिटाबीन हे त्यांपैकी माहितीतलं नाव. अशा वेळी बोटाशी झगडत बसू नये.

प्रश्न : जेल रोडच्या एका दुकानात फोनचा फुटलेला डिस्प्ले बदलून घेतला. तेव्हापासून फिंगरप्रिंट गायबच झालं. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट करा. – रामबाग

अपडेटने हे बहुधा येणार नाही. दुकानदाराने लावलेला ‘फोल्डर’, म्हणजे काच आणि पडदा यांचा जोड, कोणता ते विचारा. डिस्प्लेखालचा प्रकाशाचा सेन्सर फक्त ओएलईडी किंवा ॲमोलेड पडद्यामागून पाहू शकतो, कारण त्या पडद्याचे ठिपके स्वतःच उजळतात आणि मधल्या फटींतून प्रकाश खाली जातो. स्वस्त कॉपी फोल्डर बहुतेकदा एलसीडीचा असतो. त्याच्या मागे प्रकाश देणारा अपारदर्शक थर असतो आणि सेन्सर त्या थराआड आंधळा होतो. अशा फोनच्या सेटिंगमधून कधी कधी फिंगरप्रिंटचा पर्यायच नाहीसा होतो. कॉपी ओळखायला फोन अंधारात पूर्ण काळ्या चित्रावर ठेवून पाहा. ओएलईडी असेल तर पडदा विझल्यासारखा काळाभोर दिसतो, एलसीडी असेल तर राखाडी उजेड राहतो.

पडदा ओएलईडीच असेल तर आणखी दोन शक्यता उरतात. सेन्सरची बारीक पट्टी जोडायची राहिली असेल किंवा नव्या पडद्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याशी जुळवणी, केलेलं नसेल. ही दोन्ही कामं दुकानात होऊ शकतात, तेव्हा नेऊन तेच मागा. पुढच्या वेळी फोन देताना बिलावर ‘ओएलईडी, फिंगरप्रिंट चालू’ असं लिहून घ्या आणि काउंटर सोडण्याआधी बोट नोंदवून पाहा. जुन्या आयफोनचं होम बटण तर मदरबोर्डशी जोडीने बांधलेलं असतं. बाहेरून आणलेलं बटण बसवलं तर ते बोट ओळखत नाही.

टेम्पर्ड ग्लासबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, तेही इथेच. काच बदलली की ठसे पुन्हा नोंदवा आणि सेटिंगमधली टच सेन्सिटिव्हिटी वाढवा. प्रायव्हसी ग्लास (बाजूने पाहणाऱ्याला पडदा काळा दिसणारी काच) प्रकाशाच्या सेन्सरला हमखास त्रास देते. महागड्या फोनमधला अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनिलहरींवर चालतो आणि त्याला काच व पडदा यांच्यामधली हवा चालत नाही, म्हणून द्रव गोंदाने पूर्ण चिकटवलेली काच घ्यावी. मऊ सिलिकॉनचं कव्हर मात्र पडद्यावर कधीच नको. 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस10 वर असं कव्हर घातलं की कोणाच्याही बोटाने फोन उघडायचा. सेन्सर कव्हरचीच नक्षी ठसा समजून बसला होता. कंपनीने त्याच वर्षी अपडेट देऊन दुरुस्त केलं.

प्रश्न : सकाळी उठल्यावर फोन चेहरा घेत नाही, पिनच मागतो. दिवसभर मात्र ठीक चालतो. – टिळकनगर

हा नियम आहे. वर्ग 1 आणि 2 च्या चेहऱ्याला, फोन चार तास न वापरता पडून राहिला की अँड्रॉइड पिन मागायला लावतं. शिवाय दर चोवीस तासांतून एकदा आणि तीनदा चुकल्यावरही. रात्रभर फोन उशाशी पडून असतो, म्हणून सकाळी पिन. वर्ग 3 च्या बोटाला ही मुदत 72 तासांची आहे. आयफोन 48 तास उघडला नाही तर पासकोड मागतो. फोन बंद करून चालू केल्यावर तर सगळेच मागतात, कारण साठवलेली माहिती उघडणारी पहिली किल्ली पिनच असते. त्यामुळे चेहरा-बोट असलं तरी पिन 1234 किंवा जन्मसाल ठेवू नका.

प्रश्न : माझा आयफोन माझा बारा वर्षांचा मुलगा स्वतःचा चेहरा दाखवून उघडतो! घरचे म्हणतात तो हुबेहूब माझ्यासारखा आहे. – लोकमान्यनगर

हे होऊ शकतं. कोणत्याही परक्या माणसाचा चेहरा जुळण्याची शक्यता ॲपल दहा लाखांत एक सांगतं, पण जुळी भावंडं, सारखी दिसणारी भावंडं आणि 13 वर्षांखालची मुलं यांच्याबाबतीत ती जास्त असते, हेही कंपनीनेच सांगितलं आहे. मुलांच्या चेहऱ्याची ठेवण तोवर पुरती घडलेली नसते.

आणखी एक कारण तपासा : मुलाला तुमचा पासकोड माहीत आहे का? चेहरा अगदी थोडक्यात चुकला आणि लगेच बरोबर पासकोड टाकला गेला, तर फोन समजतो की मालकाचंच रूप थोडं बदललंय, आणि तो नवा चेहरा जुन्या नोंदीत मिसळतो. असं वारंवार झालं की फोन हळूहळू मुलालाही शिकतो. म्हणून आधी पासकोड बदला, मग फेस आयडी रीसेट करून नव्याने नोंदवा. ‘दुसरं रूप’ या पर्यायात कोणी चेहरा घातला असेल तर तोही रीसेटमध्ये जातो. तरीही उघडला, तर पैशांच्या ॲपमधून फेस आयडी काढून पासकोडवरच राहा.

प्रश्न : बाबा ग्वाल्हेरला एकटे असतात. हयातीच्या दाखल्यासाठी मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. फोनवर चेहरा दाखवून होतं म्हणतात, ते खरं का? – वैशालीनगर

खरं आहे. पेन्शन देणारा विभाग ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या ऑनलाइन दाखला-सेवेशी जोडलेला असला की 2021 पासून ही सोय आहे. हे फोन उघडणारं कुलूप नव्हे. इथे चेहरा आधारच्या नोंदीशी जुळवला जातो. चांगल्या कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन आणि इंटरनेट हवं. प्ले स्टोअरवरून ‘आधारफेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण फेस’ ही दोन्ही ॲप घ्या. आधी ऑपरेटर म्हणून कोणीतरी, बाबा स्वतःही चालतील, आधार, मोबाइल आणि ईमेल देऊन ओटीपीने नोंद करून चेहरा दाखवतो. मग पेन्शनरची माहिती भरायची : पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारं खातं, पैसे देणारी बँक. शेवटी चेहरा गोलात धरून डोळे मिचकावायचे. एसएमएसवर प्रमाण क्रमांक येतो.

बहुतेकांचं अडतं ते तीन ठिकाणी. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले असतील तर चेहराही लॉक होतो. एमआधारमधून तात्पुरता उघडा. आणि पेन्शनचा प्रकार किंवा बँक चुकीची निवडली तर प्रमाणपत्र तयार होतं, पण पुढे नाकारलं जातं, म्हणून काही दिवसांनी स्थिती तपासा. बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर आणि 80 च्या पुढचे असतील तर नोव्हेंबरची वाट पाहण्याचीही गरज नाही, त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

प्रश्न : बोटाचा ठसा कंपनीकडे जातो का? आधारशी जोडला जातो का? – दोन पत्रं

नाही. फोन ठशाचं चित्र ठेवत नाही, त्यातून काढलेली गणिती नोंद फोनच्याच वेगळ्या सुरक्षित भागात राहते. ॲपला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच कळतं. आधारशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, काय चालतं, चेहरा की बोट? – राजवाडा

दोन्हींवर भरवसा नको. चेहऱ्यावर रंगाचा थर, हात ओले, आणि प्लास्टिकच्या पाउचमधून डिस्प्लेखालचा सेन्सर ठसा वाचत नाही. पिन पाउचवरूनही टाकता येतो. पाउचवरून बोट नोंदवायचा प्रयत्न मुळीच करू नका, वर सांगितलेला सिलिकॉनचा घोटाळा तसाच झाला होता. मेंदी काढायची असेल तर एक बोट कोरं ठेवा किंवा दुसऱ्या हाताचं आधीच नोंदवा. टोकं गडद रंगली की प्रकाशाच्या सेन्सरला रेषा कमी दिसतात.

प्रश्न : झोपेत कोणी माझं बोट लावून फोन उघडला तर? – एक वाचक

बोटाच्या कुलपाची ही खरी कच्ची बाजू आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधून लॉकडाउनचा पर्याय चालू करा. मग पॉवरचा मेनू उघडून ‘लॉकडाउन’ दाबलं की पुढच्या पिनपर्यंत बोट आणि चेहरा दोन्ही बंद. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण दोन सेकंद एकत्र दाबून धरा, पॉवर बंद करण्याची पट्टी आली की फेस आयडी बंद झाला समजा. प्रवासात, वॉर्डात, लग्नघरात झोपण्याआधी एवढं करून मगच फोन बाजूला ठेवा.