प्रशिक्षण संपते, वर्ग तसाच राहतो

प्रश्न : मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत आम्ही दोघेच शिक्षक असल्याने एक जण प्रशिक्षणाला गेला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. प्रशिक्षण बहुतेक कन्नडमधून होते. सहकारी म्हणतात, ‘हजेरी लावायची, प्रमाणपत्र घ्यायचे.’ मलाही उत्साह उरलेला नाही. अशा प्रशिक्षणाने मुलांचे शिकणे खरोखर सुधारते का? (एक शिक्षिका)

उत्तर : नुसत्या प्रशिक्षणाने ते क्वचितच सुधारते, तेथे मिळालेली गोष्ट वर्गात करून पाहिली, मुले कोठे अडतात हे पाहून तिच्यात बदल केला आणि या काळात कोणाची तरी सोबत मिळाली, तरच फरक पडतो. शिक्षकाची वृत्ती आधी बदलावी, मग वर्ग बदलेल, असे आपण धरून चालतो. अमेरिकन अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा मांडला : मुले शिकताना दिसली की शिक्षकाचा विश्वास बसतो. मला हे पटते, म्हणून उत्साह येण्याची वाट पाहू नये असे आपणास सुचवतो.

तिसरीतील वजाबाकीच घ्या. ४२ मधून १७ वजा करताना पुष्कळ मुले ३५ लिहितात, कारण एकक-दशकाच्या प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. अशा मुलाला ‘शेजारून दशक घे’ हा नियम पुन्हा सांगून उपयोग होत नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवा आणि सतरा काड्या मागा. सात सुट्या काड्या नाहीत हे ध्यानात आले की ते स्वतःच एका गठ्ठ्याची दोरी सोडते. हातात तीन गठ्ठे व बारा काड्या येतात आणि शेवटी पंचवीस उरतात. त्यानंतरच फळ्यावरची मांडणी करावी, आणि आधीच्या व नंतरच्या वह्या जपून ठेवाव्यात. सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्या वह्या त्यांच्यापुढे ठेवणे बरे.

भाषेची आपली तक्रार मात्र मला सर्वांत रास्त वाटते. सूचना कन्नडमधून समजतीलही, परंतु अडलेल्या मुलाला मराठीतून कोणता प्रश्न विचारावा, याची चर्चा मराठीतच होऊ शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. पण तास भरले म्हणजे काम झाले असे मानले, तर ही अडचण कोणाच्या नजरेसच येणार नाही. तेव्हा परिसरातील मराठी शाळांच्या शिक्षकांनी एकत्रितपणे गटशिक्षणाधिकारी व डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) यांच्याकडे लेखी अर्ज करावा. त्यात मराठी जाणणारे मार्गदर्शक, प्रशिक्षणानंतर सीआरपींची (शाळांच्या समूहासाठी नेमलेल्या साधन-व्यक्तींची) वर्गभेट, आणि द्विशिक्षकी शाळेसाठी त्या दिवसांपुरता बदली शिक्षक, या तिन्ही गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात.