'द बर्ड्‌स' ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'द बर्ड्‌स' हा साठच्या दशकातला अमेरिकन रॉक बँड नव्याने ऐकताय म्हणून सांगतो, निवडक गाण्यांच्या संग्रहावर थांबू नका. आधी १९६५चा 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' हा अल्बम घ्या. शीर्षकगीत सुरू होताच बँडमधल्या रॉजर मॅग्विनची बारा तारांची रिकनबॅकर गिटार किणकिणते. हेडफोन लावून ऐकाच.

मग थेट १९६७चा 'यंगर दॅन यस्टरडे'. मधला 'फिफ्थ डायमेन्शन' मला जरा विस्कळीत वाटतो, पण त्यातलं 'एट माइल्स हाय' चुकवू नका. जॅझवादक जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि रविशंकरांची सतार, दोन्हींचा असर त्या गिटारीत उतरलाय.

'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' (१९६८) मात्र सावकाश ऐका. बँडमध्ये ग्रॅम पार्सन्स आला, बँड कंट्री संगीताचं (अमेरिकन ग्रामीण गाण्यांचं) माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला गेला आणि बारा तारांच्या जागी पेडल स्टील (आडवी ठेवून, धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार) आली. हा भलताच बँड वाटेल, वाटू द्या. 'हिकरी विंड' दोन-तीनदा लावा. पेडल स्टीलचा स्वर मींडेसारखा घसरत येतो, आपल्या कानाला तो लवकर रुचतो. माझ्या मते कंट्री रॉक समजून घ्यायला याहून चांगला अल्बम नाही.

१९७०चा 'अनटायटल्ड' क्लॅरेन्स व्हाइटच्या गिटारसाठी घ्या. १९७३चा पुनर्मीलनाचा अल्बम अगदी शेवटी ऐकलात तरी चालेल.